खालच्या खोलीचं दार

अकरा थर्मामीटरांच्या अकरा रेघा एकमेकींवर इतक्या नेमक्या बसल्या होत्या की सारिकाला वाटलं, एकच फाइल चुकून अकरा वेळा उघडली गेली आहे. तिने सगळ्या बंद केल्या आणि एकेक करून पुन्हा उघडल्या. रेघा तशाच राहिल्या. दुपारी जराशा वर, पहाटे थेट उणे अठरापर्यंत खाली.

तिच्या गावी, सोनाळ्यात, जानेवारीचं कोवळं ऊन होतं. ती ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसली होती आणि समोर अंगणात तिची आई जनकाबाई वाळलेल्या तुरीच्या शेंगा काठीने झोडपत होती.

"काय पाहून राह्यली एवढी?" जनकाबाईने काठी थांबवून विचारलं.

"संडासातलं तापमान."

"कोणाच्या?"

"लडाखमधल्या. अकरा घरं आहेत."

"अन् ते तुले इथं बसून समजते?" जनकाबाई काठी टेकून स्क्रीनकडे वाकली. "मंग काय म्हणते?"

"कोणीच जात नाही म्हणते," सारिका म्हणाली.

लेहपासून गाडीने तीन तासांवर असलेल्या एका गावात तिने सप्टेंबरमध्ये हे संडास बांधून घेतले होते. तिथे नळाचं पाणी पाइपातच गोठतं, म्हणून संडास कोरडे. वर बसायची खोली, मध्ये जमिनीला भोक, खाली साठवणीची खोली. गेल्यावर वरून माती आणि गोठ्यातलं शेण टाकायचं. अशी रीत त्या गावात जुनीच होती. सारिकाने तिच्यात तिच्या मते सुधारणा केल्या होत्या. वरच्या खोलीला दक्षिणेकडून काच, म्हणजे हिवाळ्यात बसणाऱ्याला ऊब. खालच्या खोलीचे दोन भाग. एक भाग भरला की तो बंद करायचा आणि दोन वर्षं उघडायचा नाही. थंडीत जंतांची अंडी मरत नाहीत, उलट टिकतात. म्हणून दोन वर्षं.

रोज ताजा मैला आणि शेण पडत असेल, तर खालच्या खोलीत थोडी तरी उष्णता तयार व्हायला हवी. बाहेर उणे अठरा असेल तर आत उणे चौदा, उणे तेरा. पण खालच्या खोल्यांतल्या थर्मामीटरांवर बाहेरचाच आकडा होता. अकराही घरांत. आणि दर रविवारी हे आकडे मोबाइलवर पाठवणारी यांगचेन शेवटी नेमाने लिहायची, 'सब लोग बोलते हैं बहुत अच्छा बना है.'

बारा फेब्रुवारीला सारिका काम करत असलेल्या संस्थेची बैठक होती. सारिकाचं डिझाइन चांगलं चाललं असेल, तर येत्या उन्हाळ्यात आणखी चाळीस घरं. काच आणि लोखंड रस्ता उघडताच वर पोचायला हवं, म्हणून मागणी फेब्रुवारीतच द्यावी लागणार होती. तिची नोकरीसुद्धा त्या चाळीस घरांवरच पुढे चालणार होती. बैठकीत ती अंदाजे 'वापर समाधानकारक' एवढं म्हणाली असती तरी कोणी रेघा उघडून बघणार नव्हतं. पण मग चाळीस घरांत चाळीस रिकाम्या खोल्या उभ्या राहिल्या असत्या, तिच्या सहीच्या.

तिने यांगचेनला व्हिडिओ कॉल लावला.

यांगचेन चाळिशीची होती, गावातल्या बायकांच्या गटाची प्रमुख. सैन्याच्या रस्त्यावर मजुरी करताना हिंदी शिकलेली. तिने आधी सारिकाच्या आईची, मग तुरीच्या ढिगाची चौकशी केली.

"दीदी, मला नवा संडास दाखवाल?" सारिकाने हिंदीत विचारलं.

यांगचेन आधी 'अभी?' म्हणाली. मग फोन घेऊन बर्फातून चालत गेली आणि दार उघडलं. आत ऊन भरलं होतं. जमिनीच्या भोकावर फळी होती आणि फळीवर बटाट्याची तीन पोती.

"आलू जमता नहीं इधर," यांगचेन म्हणाली. "बहुत अच्छा बना है, मैडम. सच में."

सारिकाच्या मागे उभी असलेली जनकाबाई पदर तोंडाला लावून हसली. सारिकालाही हसू आलं, पण ते पुरतं बाहेर पडलं नाही.

"सगळ्या घरांत बटाटे?"

"नहीं, नहीं. दो घर में गोभी है."

"आणि संडासला कुठे जाता?"

"पुरानेवाले में." यांगचेनने नजर बाजूला केली. "आप बुरा मत मानना. आप इतना दूर से आया."

मग तिने ते सांगितलं. आधी चाचरत, नंतर भराभर. एप्रिलमध्ये जमीन उघडी पडते तेव्हा जवाच्या शेताला खत लागतं. जुन्या संडासाची खालची खोली दर वसंतात रिकामी करतात. एका दिवशी एकाचं घर, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याचं. सगळे मिळून. नव्या संडासात जे पडेल ते दोन वर्षं मिळणार नाही. दोन वर्षं शेताला काय घालायचं? आणि दोन वर्षांनी तरी काढायचं कसं? खालचं दार एवढंसं. यांगचेनने दोन्ही हातांनी हवेत चौकोन दाखवला. "बिल्ली जाएगा इसमें. आदमी नहीं जाएगा. ऊपर से दो कुंडी, सीमेंट. मैडम, उसमें ऐसा क्या है, जो आपने इतना बंद किया?"

"थंडीसाठी," सारिका म्हणाली. "मोठ्या दारातून उष्णता जाते."

"अच्छा," यांगचेन म्हणाली. ते तिला पटलं नाही हे सारिकाला दिसलं.

*

सारिकाचे वडील सहदेव मागच्याच वर्षी एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झाले होते. संध्याकाळी ते संत्र्याच्या बागेतून आले तेव्हा लॅपटॉपवर त्या संडासाचा आराखडा उघडा होता. चष्मा पुसून त्यांनी तो बराच वेळ पाहिला. तिकिटाच्या मशीनपासून मोटारपंपापर्यंत कुठलीही वस्तू ते आधी अशीच गप्प राहून बघत.

"हे दार एवढं लहान काऊन केलं?" त्यांनी बोट ठेवून विचारलं.

"थंडीसाठी, बाबा."

"किती फरक पडते?"

सारिका उत्तर द्यायला गेली आणि थांबली. तिला आकडा आठवेना. ती आकडा विसरली नव्हती. तिने तो कधी काढलाच नव्हता. भिंतीची जाडी, काचेचं क्षेत्रफळ, वाऱ्याचा पाइप, सगळ्याचा हिशोब तिच्या वहीत होता. दाराच्या जागी नुसतं लिहिलं होतं, 'पंचेचाळीस बाय पंचेचाळीस, कायम बंद'.

जेवण झाल्यावर तिने तो काढला. दोन फळ्या, मध्ये लोकर भरलेली, असं दार धरलं. रुंदी पाऊण मीटर, उंची सव्वा मीटर. मग लहान दारासाठी तेच गणित पुन्हा केलं. पहाटेच्या सर्वात थंड वेळी दोन्हींत पाऊण अंशाचाही फरक येत नव्हता. तिने लोकरीऐवजी गवत धरून पाहिलं. एक अंश.

म्हणजे दार लहान करण्याचं कारण थंडी नव्हतं. दुसरं काय होतं, हे शोधायला ती आधी आराखड्यातच फिरत राहिली. आराखड्यात ते नव्हतं.

सकाळी दात घासताना तिचं लक्ष परसातल्या संडासाकडे गेलं. तो तिनेच काढून दिलेला होता, सात वर्षांपूर्वी, कॉलेजच्या पहिल्या वर्षाला असताना. दोन शोषखड्डे, मध्ये चेंबर. एक भरला की मैला दुसऱ्यात वळवायचा, पहिला दोनेक वर्षं तसाच ठेवायचा, की त्याची माती होते. ती काढायची आणि तो खड्डा पुन्हा वापरायचा. पहिला खड्डा चार वर्षांपूर्वी भरून बंद झाला होता. आता दुसराही भरत आला होता, पाणी उतरायला वेळ लागत होता. आणि भिंतीपलीकडे सहदेवांनी चुन्याने एक नवा गोल आखून ठेवला होता.

"हा कशाचा गोल?"

"तिसरा खड्डा," सहदेव म्हणाले. "उद्या माणसं येतीन."

"पहिला रिकामा करायचा ना, बाबा. त्यासाठीच दोन असतात."

"गावात कोणी रिकामा केला? सगळ्यांनी तिसरा खंदला. इंद्रभाननं चौथा."

सारिका पहिल्या खड्ड्याच्या झाकणाशी गेली. झाकणाच्या कडेने सिमेंट फिरवलेलं होतं. ते तिनेच फिरवायला लावलं होतं, मिस्त्री नको म्हणत असताना. तिला ते लख्ख आठवलं. आणि पंचेचाळीस बाय पंचेचाळीस कुठून आलं तेही कळलं. हे झाकण जितकं, तितकंच ते दार होतं.

"मी उघडते," ती म्हणाली.

"काय उघडते?"

"हा खड्डा. मला बघायचं आहे आत काय उरतं, अन् एवढ्याशा तोंडातून काढायला माणसाला कसं उभं राहावं लागते. मी कधी काढलंच नाही. न काढताच लोकांना दार करून देलं."

सहदेवांनी झाकणाकडे पाहिलं. मग खाली बसले, ओट्याच्या कडेवर.

"माझ्या आज्यानं गावची मेलेली ढोरं ओढली," ते म्हणाले. "माझ्या बापानं एक दिवस दोर खाली ठेवला अन् पुन्हा उचलला नाही. गावानं दोन वर्षं काम देलं नाही, तरी उचलला नाही. तवापासून या घरात कोणी कोणाची घाण उचलली नाही. तू इंजिनीयर झाली. आता तू उचलतं म्हणतं."

"कोणाची नाही, बाबा. आपलीच आहे."

"पाहणाऱ्याले काय माहीत कोणाची हाये ते?"

ते खरंच होतं.

कोपऱ्यात तूर पाखडत असलेली जनकाबाई म्हणाली, "अवो, चार वर्षांत आत काय झालं असंन, ते तरी पाहू द्या. मलेही पाहायचं आहे."

"तुले काय पाहायचं?"

"काऊन? भाकरी जळली का भाजली ते मी उलटून पाहते. हेही मीच रांधलेलं की."

सहदेवांना हसू आलं. ते लपवायला ते उठून आत गेले. परवानगी त्यांनी दिली नाही, पण संध्याकाळी खड्डे खंदणाऱ्यांना फोन करून 'उद्या नको' म्हणाले.

*

दुसऱ्या दिवशी सारिकाने लांब बूट, जाड हातमोजे आणि नाकावर मास्क चढवला. आईलाही घालायला लावला. सब्बलीने सिमेंटची कडा फोडायला अर्धा तास गेला. आवाजाने शेजारचा इंद्रभान भिंतीवरून डोकावला.

"सहदेवभाऊ, पोरीले एवढं शिकवलं अन् हे काय?"

सहदेव संत्र्याच्या झाडाखाली पाठ करून उभे होते. ते वळले नाहीत.

"इंद्रभान काका, तुमचे चार खड्डे झाले," सारिका म्हणाली. "पाचवा कुठं घ्यान? बैठकीच्या खोलीत?"

"माझं वावर आहे, कुठंही घेईन," इंद्रभान म्हणाला, पण भिंतीवरून हलला नाही. झाकण सरकलं तेव्हा त्यानेच मान सर्वात लांब केली.

वास आला नाही. सगळे त्याचीच वाट बघत होते. खड्डा काठोकाठ भरलेला बंद केला होता. आता आतलं निम्म्याहून खाली बसलं होतं. सारिकाने पट्टी सोडली. एकशे वीस सेंटिमीटरपैकी पंचेचाळीस उरले होते. काळपट, कोरडं, चहाच्या वाळलेल्या चोथ्यासारखं.

"माती झाली," जनकाबाई म्हणाली. "नुसती माती."

"पाणी खाली जिरलं. बाकीचं किड्यांनी खाल्लं अन् हवेत गेलं," सारिका म्हणाली. तिने नमुन्याच्या बाटलीत दोन चमचे माती भरली, बूच घट्ट केलं, तारीख लिहिली.

"अन् थे पांढरं काय?"

ते गोळ्यांच्या पाकिटाचे तुकडे होते, आणि एक टूथब्रश. टूथब्रश चार वर्षांत जसाच्या तसा होता.

मग खरं काम सुरू झालं. फावडं आत गेलं, पण वळेना. हात आत घातला की खांदा काठाला अडायचा. खांदा आत घेतला की उजेड बंद व्हायचा. दहा मिनिटांत तिने एक घमेलंसुद्धा भरलं नाही आणि मनगट झाकणाच्या कडेवर दोनदा खरवडलं. ती उठली, एका बाजूची दोन विटांची रांग काढली आणि पुन्हा बसली. आता खांदा आत गेला. आणखी एक रांग काढली तेव्हा फावडं फिरलं. तिने दर वेळी रुंदी मोजून वहीत लिहिली. साठ. अडुसष्ट. पंचाहत्तर.

"बसून नाही जमणार," पाठीमागून आवाज आला.

सहदेव चार हात अंतरावर उभे होते. जवळ आले नव्हते, पण आता त्यांचं तोंड इकडे होतं.

"लडाखातली खोली जमिनीच्या वर आहे नं? मंग तिथं माणूस उभा राहून वाकंन. कमरेत. त्याच्यासाठी उंची पाह्य. रुंदी पाहून काय होते? अन् हा दांडा लांब हाये, भिंतीले लागते. खोलीत आखूड दांडा लागंन."

सारिकाने लिहून घेतलं. अकरा घमेली निघाली. ती कुठे टाकायची हा प्रश्न आला तेव्हा तिने संत्र्याच्या झाडांकडे पाहिलं.

"तिकडं नाही," सहदेव म्हणाले. "मी खाणार नाही ते संत्रं. कोणी घेणारही नाही, समजलं तर. इंद्रभान गावभर सांगंन."

"मी काऊन सांगू?" इंद्रभान भिंतीवरून म्हणाला. "मले अर्धी घमेली देता का, लिंबाच्या झाडाले?"

सहदेवांनी त्याच्याकडे असं पाहिलं की तो खाली उतरला. माती परसातल्या कडुनिंबाच्या बुंध्याशी गेली. तिसऱ्या खड्ड्याचा चुन्याचा गोल मात्र त्यांनी पुसला नाही.

रात्री ती हात पुन्हा पुन्हा धुऊन वही घेऊन बसली. आता तिला ते कारण शब्दांत लिहिता येत होतं. आपण लहान दार केलं, कारण आपल्याला ते दार कोणी उघडायलाच नको होतं. आपल्या गावात 'कोण उघडणार' या प्रश्नाचं उत्तर आधीच ठरलेलं असायचं, म्हणून आपण प्रश्नच सिमेंटने बंद केला. इथे ते ठीक होतं की नाही, ते तिला सांगता येईना. पण तिथे हा प्रश्न कोणी विचारलाच नव्हता, आणि तिने उत्तर मात्र बांधून दिलं होतं.

*

बैठकीत संस्थेच्या प्रमुखांनी लॅपटॉपच्या पडद्यावरून विचारलं, "म्हणजे अकरापैकी किती घरं वापरतात?"

"एकही नाही," सारिका म्हणाली. तिने रेघा दाखवल्या. नंतर बटाट्याच्या पोत्यांचा फोटो दाखवला. नंतर दाराचा हिशोब.

एका सभासदाने विचारलं, दर वर्षी काढू दिलं तर जंतांच्या अंड्यांचं काय. याचं उत्तर तिने तयार ठेवलं होतं. खोलीतून दर एप्रिलला काढायचं, पण लगेच शेतात पसरायचं नाही. शेताच्या कडेला शेणात मिसळून ढीग घालायचा, एक पूर्ण उन्हाळा उन्हात तापू द्यायचा आणि पुढच्या वसंतात वापरायचं. पहिल्या वर्षापुरतं जुन्या संडासातलं खत आहे. ढिगात उष्णता पुरेशी चढते की नाही, हे तिला आज सांगता येत नव्हतं. ते मोजावं लागेल. तिने तसंच सांगितलं.

चाळीस घरं पुढे ढकलली गेली. दोन घरांची दारं मे महिन्यात बदलायची, पुढचा हिवाळा आणि त्यानंतरचा उन्हाळा मोजायचा, मग पुन्हा बोलायचं. सारिकाची नेमणूक त्या दोन घरांपुरती वाढवली. पगार तोच. दाराचं माप शनिवारपर्यंत हवं होतं.

तिने त्याच संध्याकाळी यांगचेनला फोन लावला.

"दीदी, एप्रिलमध्ये काढताना पुढे कोण उभं असतं?"

"मैं. मेरा आदमी पीछे टोकरी भरता है."

"मग तुम्ही मला उभं राहून दाखवा. काढताना उभ्या राहता तशा. आणि कोणालातरी मोजायला सांगा."

यांगचेन हसत सुटली. मग तिने घरातल्यांना हाक मारली. नवऱ्याने फोन धरला आणि तिच्या मुलीने सुताराची टेप आणली. जुन्या संडासाच्या खालच्या खोलीचं लाकडी दार उघडलं गेलं. आत गोठलेला, मातीने झाकलेला ढीग होता. यांगचेन आखूड दांड्याचं फावडं घेऊन दारात वाकली, उजवा पाय पुढे, आणि तशीच स्थिर राहिली, जणू फोटो काढला जात होता.

"कोहनी से दीवार तक?" नवऱ्याने विचारलं.

"हो. आणि डोक्यापासून चौकटीपर्यंत. पाठ जिथे सर्वात उंच आहे तिथूनही."

सारिका आकडे लिहून घेत होती. खुर्चीमागे सहदेव येऊन उभे राहिले होते. त्यांनी स्क्रीनवरच्या बाईकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या गळ्यातल्या पिरोजाच्या माळेकडे, वाकलेल्या पाठीकडे, टेप धरून खिदळणाऱ्या मुलीकडे.

"तिले विचार," ते हळूच म्हणाले, "हे काम करते म्हणून तिले कोणी नावं नाही ठेवत?"

सारिकाने हिंदीत विचारलं. यांगचेनने मान वर केली. तिला कळलं नाही. "क्या बोलते हैं पिताजी?"

सारिकाने वेगळ्या शब्दांत विचारलं. खत काढता म्हणून लोक काही बोलतात का, कमी लेखतात का. यांगचेनने नवऱ्याकडे पाहिलं. दोघं त्यांच्या भाषेत काही बोलले.

"काढलं नाही तर बोलतात," नवऱ्याने हिंदीत सांगितलं. "आळशी म्हणतात." मग यांगचेनने काळजीने विचारलं, "क्यों, मैडम? कुछ गलत है क्या?"

सारिकाने वळून वडिलांकडे पाहिलं. ते अजून स्क्रीनकडेच बघत होते.

"राहू दे," सहदेव म्हणाले. "उंची लिहून घे. तिची पाठ दुखून राह्यली असंन."